‘हीरो’ कसा पाहावा आणि त्यावरचं भांडण कसं वाचावं

चिनी तलवारपट पाहायचे आहेत, सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की मी झांग यिमौचा ‘हीरो’ सांगते. चित्रपट २००२ सालचा. चिनी नाव ‘यिंगश्योंग’, म्हणजे वीर. गोष्ट तर एका दमात सांगून होते. एक माणूस राजाच्या दरबारात येतो, राजाच्या तीन वैऱ्यांना आपण कसं मारलं ते सांगतो, आणि सगळं ऐकून घेतल्यावर राजा म्हणतो, तू खोटं बोलतोयस.

याहून थरारक तलवारपट आहेत, याहून विनोदी आहेत, जास्त माणुसकीचेही आहेत. तरी हाच सांगते, कारण यात शिकायला दोन गोष्टी एकदम मिळतात. एक म्हणजे या प्रकारचा सिनेमा डोळ्यांनी कसा वाचायचा. दुसरी म्हणजे, एका चित्रपटावर जाणकार माणसं इतक्या टोकाची भांडली असतील तर आपण आपलं मत कसं बनवायचं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. चौथीपर्यंत कथेतलं काही फोडलेलं नाही. पाचवीपासून पुढचं मात्र चित्रपट पाहून झाल्यावरच वाचा, ही मनापासून विनंती.

पायरी १ : प्रत आणि पडदा

मूळ मँडरिन आवाज आणि खाली सबटायटल्स असलेली प्रत घ्या. डब केलेली नको. संवाद मोजके आहेत आणि राजाचं काम करणाऱ्या चेन दाओमिंगचा आवाज हे या चित्रपटातलं एक शस्त्रच आहे. तो एखादं वाक्य बोलून थांबतो, तेव्हा त्या थांबण्यातच अर्धा प्रसंग घडतो. डबिंगमध्ये नेमकं ते हरवतं.

मोबाइलवर पाहू नका. मी पहिल्यांदा पाहिला तो मैत्रिणीच्या छोट्या लॅपटॉपवर, दुपारी, खिडकी उघडी ठेवून. राजवाड्यातले प्रसंग काळ्यावर काळे आहेत. उजेडात तिथे फक्त स्वतःचा चेहरा दिसतो. पुढे रात्री, दिवे मालवून, मोठ्या टीव्हीवर पाहिला तेव्हा कळलं की त्या काळ्यामध्येही सात-आठ छटा आहेत. चौकट रुंद आहे आणि माणसं तिच्यात मुद्दाम लहान ठेवलेली आहेत, त्यामुळे पडदा मिळेल तेवढा मोठा घ्या.

साधारण ९९ मिनिटांची नेहमीची प्रत पहिल्या खेपेला पुरे. थोडी लांब प्रतही आहे, ती नंतर. शेवटाकडे वाळूत दोन अक्षरं लिहिली जातात, तिथे सबटायटलमध्ये काय शब्द येतो तो टिपून ठेवा. त्याचं कारण सहाव्या पायरीवर.

पायरी २ : अर्ध्या तासाचा इतिहास

चिनी प्रेक्षक हा चित्रपट पाहायला बसतो तेव्हा मूळ गोष्ट त्याला शाळेपासून ठाऊक असते. आपल्याला नसते. तेवढी तयारी केली की चित्रपटाची निम्मी खोली हाती लागते.

काळ इसवी सन पूर्व तिसऱ्या शतकाचा. चीन तेव्हा एक देश नव्हता. छिन, झाओ, हान, वेई, छू, यान आणि छी अशी सात राज्यं एकमेकांशी लढत होती. पश्चिमेकडचं छिन त्यांत सगळ्यांत शिस्तबद्ध आणि सगळ्यांत निर्दय. राजाचं नाव यिंग झेंग. त्याने इ.स.पू. २३० मध्ये हान घेतलं, दोन वर्षांनी झाओ, मग वेई, छू, यान, आणि २२१ मध्ये छी. मग स्वतःला ‘पहिला सम्राट’ म्हणवून घेतलं. शीआनजवळ मातीच्या सैनिकांची जी फौज सापडली, ती याच्याच समाधीची.

या मोहिमेच्या मध्यात, इ.स.पू. २२७ मध्ये, यान राज्याच्या युवराजाने जिंग क नावाच्या माणसाला यिंग झेंगला मारायला धाडलं. सिमा चियान या इतिहासकाराने पुढे शंभरेक वर्षांनी ती हकिकत लिहिली, आणि ती आजही श्वास रोखून वाचावी अशी आहे. राजासमोर जायचं तर नजराणा तसाच हवा. म्हणून जिंग कने दोन वस्तू नेल्या. छिनमधून पळून आलेल्या एका सेनापतीचं शिर (त्या सेनापतीने ते आपणहून दिलं होतं) आणि यानच्या सुपीक मुलखाचा गुंडाळलेला नकाशा. नकाशाच्या आतल्या टोकाला विषात बुडवलेली सुरी. नकाशा उलगडत गेला, संपला, सुरी दिसली. जिंग कने राजाची बाही पकडली, बाही फाटली. राजाची तलवार इतकी लांब की म्यानातून निघेना. तो खांबाभोवती पळत सुटला. दरबारात शस्त्र घेऊन उभं राहायची कुणालाच परवानगी नव्हती आणि पहारेकरी हुकमाशिवाय वर येऊ शकत नव्हते. शेवटी राजवैद्याने औषधांची पिशवी फेकून मारली, तेवढ्या उसंतीत राजाने तलवार पाठीवर सरकवून उपसली आणि जिंग कच्या मांडीवर वार केला. जिंग कने सुरी फेकली. ती खांबात रुतली. ‘नकाशा संपला, सुरी दिसली’ ही म्हण चिनी भाषेत आजही रोज वापरली जाते, एखाद्याचा खरा हेतू उघडा पडला की.

‘हीरो’ ही जिंग कची गोष्ट नाही. पण राजा, मारेकरी, नजराणा आणि दोघांमधलं मोजून ठेवलेलं अंतर, सगळं तिथूनच आलं आहे. चित्रपटात राजाच्या शंभर पावलांच्या आत कुणालाही येता येत नाही. एकेका वैऱ्याच्या शस्त्राबरोबर हे अंतर कमी होत जातं. आधी वीस पावलं, मग दहा.

पायरी ३ : माणसं उडणार, हे आधीच मान्य करा

या प्रकाराला चिनीत ‘वूश्या’ म्हणतात. ‘वू’ म्हणजे युद्धविद्या. ‘श्या’ म्हणजे ती विद्या कुठल्या दरबाराच्या पगारावर न वापरता आपल्या न्यायबुद्धीने वापरणारा माणूस. ही भटकी माणसं ज्या जगात वावरतात त्याला ‘च्यांगहू’, शब्दशः नद्या नि तळी, असं नाव आहे. राजाच्या कायद्याबाहेरचं जग. वूश्या आणि राजसत्ता यांच्यातला ताण त्या शब्दाच्या पोटातच आहे, आणि ‘हीरो’चा सगळा वाद तिथूनच निघतो.

यातली माणसं पाण्यावरून धावतात, पानांवर पाय टेकतात. याला शरीर हलकं करण्याची विद्या मानतात. चित्रीकरणात ते तारांच्या आधाराने होतं. हे खरं वाटतं का, असं विचारत बसलात तर पाच मिनिटांत कंटाळा येईल. आपल्या तमाशात किंवा दशावतारात रंगमंचाला एक चक्कर मारली की पात्र एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचतं आणि आपण ते मानतो. इथेही संकेत तितकाच जुना आहे. उड्डाण म्हणजे त्या माणसाच्या मनाची उंची, इतकं धरून चला.

पायरी ४ : पहिल्या खेपेला फक्त दोन गोष्टींवर लक्ष

पात्रं सहाच. वूमिंग, म्हणजे निनावी, हा जेट ली. त्याने मारलेले वैरी तीन. भाला चालवणारा छांगखोंग (अथांग आकाश), हा डॉनी येन. चानज्येन (मोडकी तलवार), हा टोनी लिउंग. फेईश्युए (उडता बर्फ), ही मॅगी चुंग. चानज्येनची सेविका रूयुए (चंद्रासारखी), ही झांग झीयी. आणि सहावा, राजा.

पहिल्यांदा पाहताना बाजूला एक कागद ठेवा. पडद्यावरचे कपडे एकदम वेगळ्या रंगाचे झाले की रंगाचं नाव लिहा आणि पुढे एकच प्रश्न सोडवा: आत्ता हे कोण सांगतंय? लाल, निळा, पांढरा, हिरवा. तीच माणसं, जवळपास तोच प्रसंग, सांगणारा किंवा त्याचा हेतू वेगळा. एकच घटना वेगवेगळ्या तोंडून सांगण्याची ही रीत १९५० मध्ये अकिरा कुरोसावाने ‘राशोमोन’मध्ये वापरली होती. पण तिथे सत्य शेवटपर्यंत निसटतं, इथे हळूहळू हाती येतं.

लाल म्हणजे प्रेम, पांढरा म्हणजे शोक, असला तक्ता इंटरनेटवर सापडेल. तो पाहू नका. रंगाचा अर्थ आधी पाठ केला की डोळा काम करायचं थांबवतो.

बस्स. आता पाहा. आणि मगच पुढे या.

पायरी ५ : लढाया एकेक करून पुन्हा पाहा

चित्रपट पाहून झाला असेल तर दुसऱ्या दिवशी फक्त लढायांचे प्रसंग काढून पाहा. नवख्या डोळ्याला सगळ्या लढाया सारख्या वाटतात. या मुळीच सारख्या नाहीत. लढाया बसवल्या आहेत हाँगकाँगच्या चिंग स्यू-टुंगने, आणि प्रत्येकीला त्याने वेगळा स्वभाव दिला आहे.

*बुद्धिबळाच्या वाड्यातली लढाई.* पाऊस पडतोय, एक आंधळा म्हातारा तंतुवाद्य वाजवतोय, वूमिंग आणि छांगखोंग डोळे मिटून उभे आहेत. लढाई त्यांच्या मनात चालू आहे, म्हणून पडद्यावरचे रंग उतरलेले. तार तुटते, डोळे उघडतात, आणि खरी लढाई काही क्षणांत संपते. म्हणजे निकाल संगीतातच लागला होता. जेट ली आणि डॉनी येन हे दोघं युद्धविद्येत खरोखर तयार झालेले नट, दहा वर्षांपूर्वीही पडद्यावर समोरासमोर आले होते. त्यामुळे हाँगकाँगच्या प्रेक्षकाला या प्रसंगात जुन्या हिशेबाचाही आनंद होता. संपूर्ण चित्रपटात शरीराची सगळ्यांत शुद्ध लढाई हीच, आणि माझी सगळ्यांत आवडती.

*पिवळ्या पानांतली लढाई.* लाल कपड्यांतल्या दोन बायका आणि सोनेरी झाडी. हे इनर मंगोलियातल्या एजिना इथलं पॉप्लरचं रान. पानं पिवळी व्हायची वाट पाहून, ती गोळा करून, रंगाच्या प्रतीनुसार निवडून कॅमेऱ्यासमोर उधळली होती. रूयुए मरते तेव्हा पिवळं रान लाल होत जातं. लढाईचं तंत्र इथे जवळपास नाहीच, इथे मत्सर आहे.

*तळ्यावरची लढाई.* सिच्वानमधल्या च्यूझायगोच्या एका तळ्यावर. पाणी आरशासारखं स्थिर हवं, म्हणून दिवसातला अगदी थोडा वेळ चित्रीकरण व्हायचं. फेईश्युएचा देह मंडपात ठेवलेला आहे आणि दोघं पुरुष तिच्या सन्मानासाठी पाण्यावर लढतात. पाण्याचा एक थेंब तिच्या गालावर पडतो. चानज्येन लढाई सोडून तो पुसायला जातो. आता आठवा, हा प्रसंग कुणाच्या कल्पनेतला आहे? राजाच्या. ज्याला सगळे क्रूर म्हणतात त्याने आपल्या वैऱ्यांबद्दल इतकं कोमल काहीतरी कल्पिलं आहे. पहिल्या खेपेला मला हे अजिबात सुचलं नव्हतं.

*हिरव्या पडद्यांतली लढाई.* राजवाड्यात छतापासून लोंबणारे प्रचंड हिरवे पडदे, त्यांच्यामधून राजा आणि चानज्येन. मारायची संधी असताना चानज्येन थांबतो. पडदे एकामागून एक गळून पडतात. इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. झांग यिमौचा जन्म १९५० चा, शीआनचा. वडील कोमिन्तांगच्या, म्हणजे कम्युनिस्टांविरुद्ध लढलेल्या राष्ट्रवादी पक्षाच्या, सैन्यात अधिकारी होते, त्यामुळे सांस्कृतिक क्रांतीत मुलाला शेतावर आणि मग कापडाच्या गिरणीत जावं लागलं. ती गिरणी श्येनयांगची. छिन राजांची राजधानी होती तेच श्येनयांग. सात वर्षं तो तिथे होता. १९७८ मध्ये वय उलटून गेलेलं असतानाही बीजिंगच्या फिल्म अकादमीत शिरला. त्याच्या आधीच्या चित्रपटांतही कापड, रंग, लोंबणारे थान पुन्हा पुन्हा येतात. हिरव्या पडद्यांचा प्रसंग पाहताना मला ती गिरणी दिसते. हा माझा जोडलेला धागा, पण तो जुळतो.

आणि कान विसरू नका. संगीत तान दूनचं. व्हायोलिन इत्झाक पर्लमनचं. ढोल जपानच्या ‘कोडो’ पथकाचे. छिनची फौज ‘फंग! फंग!’ अशी गर्जना करते तेव्हा डोळे मिटून ऐका. ‘फंग’ म्हणजे वारा. छायाचित्रण ख्रिस्टोफर डॉइलचं आणि कपडे एमी वादाचे. हिने कुरोसावाच्या ‘रान’ या चित्रपटासाठी ऑस्कर मिळवलं होतं.

पायरी ६ : आता समीक्षा, पण क्रमाने

आधी चित्रपटाचा प्रवास कळला पाहिजे, कारण कोण कुठे बसून काय म्हणालं याला इथे फार महत्त्व आहे.

डिसेंबर २००२ मध्ये बीजिंगच्या ‘ग्रेट हॉल ऑफ द पीपल’मध्ये, म्हणजे जिथे चीनची राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभा भरते तिथे, याचा मोठा खेळ झाला. हे ठिकाण लक्षात ठेवा. ज्या दिग्दर्शकाच्या १९९० च्या दशकातल्या चित्रपटांवर चीनमध्ये बंदी आली होती, त्याला आता राष्ट्राच्या सभागृहात मान मिळत होता. खर्च सुमारे ३ कोटी डॉलर, तोवरच्या चिनी सिनेमात न ऐकलेला. चीनमध्ये कमाई सुमारे २५ कोटी युआन, तोही त्या वेळी चिनी चित्रपटाचा विक्रम. पुढच्या वर्षी ऑस्करच्या परभाषिक विभागात नामांकन आणि बर्लिन चित्रपट महोत्सवात आल्फ्रेड बावर पारितोषिक.

अमेरिकेत मात्र मिरामॅक्स या वितरण कंपनीने हक्क घेऊन चित्रपट जवळजवळ दोन वर्षं अडकवून ठेवला. हौशी प्रेक्षकांनी परदेशी डीव्हीडी मागवून तो पाहून टाकला. शेवटी दिग्दर्शक क्वेंटिन टॅरँटिनोने आग्रह धरला, त्याचं नाव वर लावलं गेलं आणि २७ ऑगस्ट २००४ ला तो न कापता लागला. पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत पहिला क्रमांक. सबटायटल असलेल्या चित्रपटासाठी ही फार दुर्मीळ गोष्ट होती.

आता मतं. पहिलं टिपण वाचायचं ते कौतुकाचं. अमेरिकेतल्या बहुसंख्य समीक्षकांनी चित्रपट उचलून धरला. रॉजर ईबर्टने चारपैकी साडेतीन तारे दिले. डॉइलला न्यूयॉर्कच्या समीक्षकांचा छायाचित्रणाचा पुरस्कार मिळाला. अशी परीक्षणं वाचताना एक खूण करत जा: यांतल्या किती जणांनी शेवटाबद्दल एका वाक्यापेक्षा जास्त लिहिलं आहे? रंग, चौकटी, तळं, पानं यांवर परिच्छेदच्या परिच्छेद, आणि शेवट ‘थोडा गुंतागुंतीचा’. सौंदर्याने माणूस कसा भारावतो याचा तो पुरावा आहे. भारावणं खोटं नव्हतं. मीही भारावले होते.

मग विरोध वाचा. न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकात समीक्षक जे. होबरमनने नेमकं त्या सौंदर्यावरच बोट ठेवलं. अवाढव्य सममित दृश्यं, कठोर नेत्याचा गौरव, राष्ट्राच्या थोरवीसाठी आत्मबलिदान, यांत त्याला फॅसिस्ट कलेचा वास आला. हाँगकाँगचा दिग्दर्शक आणि समीक्षक इव्हान्स चान याने त्याच सुमारास दीर्घ लेखात हाच धागा चिनी राजकारणाच्या संदर्भात ताणला. तैवान आणि हाँगकाँगच्या वाचकाला वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. सगळं एका सत्तेखाली आणण्यासाठी आजचे मृत्यू पत्करायचे, हा युक्तिवाद त्यांच्या दारात उभाच होता.

त्या दोन अक्षरांचं काय, ते आता. चानज्येन वाळूत ‘तिएनश्या’ लिहितो. शब्दशः, आभाळाखालचं सगळं. ही फार जुनी कल्पना. सारी पृथ्वी, सारी माणसं, सगळ्यांवर एक सत्ता. अमेरिकेतल्या प्रतीत याचं भाषांतर ‘आपली भूमी’ असं झालं. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘आपली भूमी’ म्हटलं की देशभक्तीची गोष्ट होते. ‘आभाळाखालचं सगळं’ म्हटलं की शेजाऱ्याने घाबरावं अशी गोष्ट होते. तुम्ही टिपलेला शब्द कुठला होता पाहा. तुमचं शेवटाबद्दलचं मत त्याने थोडंफार ठरवलं असणार.

चीनमधल्या टीकेचा सूर आणखी वेगळा. तिथे अनेकांनी जुलमी राजाचं समर्थन म्हणून नाराजी दाखवलीच, पण तितकीच मोठी तक्रार पटकथेबद्दल होती. चित्रं अप्रतिम, गोष्ट पोकळ. या चित्रपटापासून तिथे ‘ताफ्येन’, म्हणजे भव्य खर्चाच्या चित्रपटांचं पर्व सुरू झालं आणि छोट्या, माणसांच्या सिनेमाला जागा उरली नाही, असंही म्हटलं गेलं. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकचा उद्घाटन सोहळा झांग यिमौने बसवला तेव्हा जुने टीकाकार म्हणाले, आम्ही सांगतच होतो.

दिग्दर्शकाची बाजू शेवटी वाचा. त्याने मुलाखतींतून सांगितलं की आपल्याला राजकारणात रस नाही, आणि काही वर्षांनी लोक गोष्ट विसरतील, पण पिवळ्या पानांतल्या लाल कपड्यांच्या त्या दोघी लक्षात ठेवतील. मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. ज्याच्या तरुणपणाची दहा वर्षं राजकारणाने खाल्ली, त्याने सगळ्यांत बलाढ्य राजावर चित्रपट काढावा आणि त्यात राजकारण नाही म्हणावं, हे पटत नाही. पण म्हणून चित्रपट प्रचार ठरतो का? त्यासाठी पुन्हा पडद्याकडेच जायला हवं.

पायरी ७ : दुसरी खेप, राजाच्या बाजूने

आता संपूर्ण चित्रपट पुन्हा पाहा. या वेळी रंगांकडे दुर्लक्ष करा आणि तीन गोष्टी धरा.

पहिली, राजा आणि वूमिंग यांच्यामधल्या मेणबत्त्यांच्या रांगा. त्यांच्या ज्योती थरथरतात त्यावरून राजाला समोरच्याच्या मनातली हत्या कळते. पहिल्या खेपेला त्या मेणबत्त्या सजावट वाटल्या होत्या.

दुसरी, अक्षरं. या चित्रपटाचं काळीज माझ्या मते इथे आहे, आणि मी वाचलेल्या परीक्षणांत त्याला फार थोडी जागा मिळाली. झाओच्या लेखनशाळेवर छिनचे बाण पावसासारखे कोसळतात. मुलं उठून पळू लागतात. म्हातारा गुरू पुढे येऊन बसतो आणि सांगतो, यांचे बाण आपलं नगर पाडतील, राज्य बुडवतील, आपलं लेखन मात्र पुसू शकणार नाहीत. मुलं पुन्हा बसतात, लिहीत राहतात, मरतात. आत चानज्येन ‘तलवार’ हे अक्षर विसाव्या तऱ्हेने लिहितोय, कारण एकोणीस तऱ्हा आधीच आहेत. मग दरबारात राजा काय म्हणतो ते नीट ऐका. एका अक्षराच्या एकोणीस तऱ्हा कशाला हव्यात? मी सगळं जिंकलं की एकच ठेवीन.

गुरूने ज्यासाठी जीव दिला तेच राजा पुसणार आहे. इतिहासातही तसंच झालं. एकीकरणानंतर लिपी एक केली गेली, वजनं-मापं एक झाली, गाड्यांच्या आसांची रुंदीसुद्धा. पुढे इ.स.पू. २१३ मध्ये पुस्तकं जाळायचा हुकूम निघाला. चित्रपटाने या दोन दृश्यांची गाठ मोठ्याने घालून दिलेली नाही, पण दोन्ही दृश्यं ठेवली आहेत. टीकाकारांचा मुद्दा चित्रपटाच्या पोटातच आहे, तोही सगळ्यांत हळव्या जागी.

तिसरी गोष्ट, शेवटची दहा मिनिटं. वूमिंग वार न करता पायऱ्या उतरतो. काळ्या पोशाखातले दरबारी राजाभोवती गोळा होऊन एका सुरात शिक्षा मागतात. राजाच्या चेहऱ्यावर पाहा, त्याच्या डोळ्यांत पाणी आहे. ज्या एका माणसाने आपल्याला ओळखलं त्यालाच मारायचं आहे, आणि न मारण्याची मुभा त्याच्या स्वतःच्या कायद्याने त्याला ठेवलेली नाही. बाण सुटतात. बाणांनी भरलेल्या वेशीवर माणसाच्या आकाराची रिकामी जागा उरते. मग पडद्यावर मजकूर येतो: राज्यं एक झाली, युद्धं थांबली, भिंत बांधली.

माझं मत असं. तो शेवटचा मजकूर सत्तेच्या बाजूचा आहे आणि त्याला दुसरं नाव देता येत नाही. भिंतीखाली गेलेली माणसं त्यात नाहीत. छिनचं राज्य पुढे पंधरा वर्षंही टिकलं नाही, हेही त्यात नाही. पण ती रिकामी जागा त्या मजकुरापेक्षा मोठी आहे. राजा जिंकतो आणि दरबारात एकटा उरतो, हे ज्याने इतक्या नेमकेपणाने दाखवलं, त्याला सत्तेचा भाट म्हणायला माझी जीभ वळत नाही. होबरमनचं म्हणणं मी गांभीर्याने घेते. सौंदर्य माणसाला बिनविचारी करू शकतं, ही त्याची भीती रास्त आहे. पण या चित्रपटाने मला बिनविचारी केलं नाही, दोनदा पाहायला लावलं.

तुमचं मत वेगळं असू शकेल. ते लिहून काढा, पण लिहिताना एक नियम पाळा. प्रत्येक विधानाशेजारी एक दृश्य ठेवा. ‘हा चित्रपट हुकूमशाहीचा गौरव करतो’ असं लिहिलंत तर कुठल्या चौकटीत, ते लिहा. ‘यात राजकारण नाही’ असं लिहिलंत तर दरबाऱ्यांचा एका सुरातला आवाज तुम्ही कुठे ठेवता, ते लिहा.

पायरी ८ : पुढे काय पाहायचं

वूश्याची मुळं पाहायची असतील तर किंग हू या दिग्दर्शकाकडे जा. १९७१ चा ‘अ टच ऑफ झेन’ तीन तासांचा आहे आणि त्यातली बांबूच्या बनातली लढाई पुढच्या सगळ्यांनी गिरवली. १९७५ मध्ये कान महोत्सवाने त्याच्या तंत्राचा गौरव केला. ‘हीरो’ला परदेशात वाट करून दिली ती आंग लीच्या २००० सालच्या ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ने. त्याला चार ऑस्कर मिळाली होती. त्यात माणसं जास्त जवळची वाटतात, कारण ती एकमेकांशी बोलू न शकलेल्या गोष्टींनी दुखावलेली आहेत.

राजा आणि मारेकरी यांच्यातच रस असेल तर चेन काइगचा १९९८ चा ‘द एम्परर अँड द असॅसिन’ घ्या. चेन काइग हा झांग यिमौचा अकादमीतला समकालीन, आणि त्याचा राजा मुळीच कोमल नाही. त्या चित्रपटासाठी च-च्यांग प्रांतातल्या हंगद्येन इथे छिनचा अख्खा राजवाडा उभारला होता, आणि ‘हीरो’चं चित्रीकरण पुढे त्याच राजवाड्यात झालं. पायऱ्या ओळखीच्या वाटतील. या वेळी त्या चढणारा माणूस जिंग क आहे, आणि बरोबर गुंडाळलेला नकाशा.